लिनक्स सर्व्हरचे सामूहिक इन्स्टॉलेशन

शेकडो लिनक्स सर्व्हरवर, एकाही कीबोर्डला हात न लावता, नेटवर्कवरून ऑपरेटिंग सिस्टिम बसवण्याची आणि गरज पडल्यास ती पुसून पुन्हा बसवण्याची पद्धत.

याचा पाया पीएक्सई, म्हणजे डिस्कऐवजी नेटवर्कवरून यंत्र सुरू करण्याची पद्धत. इंटेलच्या या मानकाची २.१ ही आवृत्ती १९९९ची. सर्व्हर सुरू होताच त्याचे नेटवर्क कार्ड डीएचसीपीकडे, म्हणजे नेटवर्कवर पत्ते वाटणाऱ्या सेवेकडे, आयपी पत्ता मागते आणि बूट फाइल कुठे आहे हेही त्याच उत्तरात कळते. ती फाइल टीएफटीपी या फाइल पाठवण्याच्या साध्या प्रोटोकॉलने उतरते. टीएफटीपी मुळात ५१२ बाइटचा एकेक तुकडा पाठवतो आणि पोच मिळेपर्यंत थांबतो. म्हणून मोठ्या फाइली एचटीटीपीने दिलेल्या बऱ्या. डिस्कची विभागणी, टाइम झोन, पासवर्ड हे इन्स्टॉलरचे प्रश्न आधीच लिहून ठेवलेल्या फाइलमधून सुटतात: रेड हॅटमध्ये किकस्टार्ट, डेबियनमध्ये प्रीसीड, सुसेमध्ये ऑटोयास्ट.

सगळ्यात जपायचे ते पुसण्याच्या क्षणाला. पीएक्सलिनक्स, म्हणजे नेटवर्कवरून उतरलेला बूट प्रोग्रॅम, प्रत्येक यंत्रासाठी मॅक पत्त्याच्या (नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या क्रमांकाच्या) नावाची फाइल शोधते आणि कुठलीच जुळली नाही तर ‘डिफॉल्ट’ उचलते. डिफॉल्टमध्ये स्वयंचलित इन्स्टॉलर असेल आणि बूटच्या क्रमात नेटवर्क पहिले असेल, तर यंत्र इन्स्टॉल होते, रीबूट होते आणि पुन्हा स्वतःला पुसते. कोणी थांबवेपर्यंत हे चालूच राहते. म्हणून डिफॉल्टमध्ये स्थानिक डिस्कवरून बूट एवढेच असावे आणि इन्स्टॉल संपताच त्या यंत्राची फाइल आपोआप निघून जावी. किकस्टार्टमध्ये डिस्कचे जुने विभाग पुसणाऱ्या ‘क्लिअरपार्ट’ला डिस्कचे नाव न देता सरसकट ‘ऑल’ सांगणेही तितकेच घातक, कारण सॅनची, म्हणजे नेटवर्कवरच्या सामायिक साठ्याची, जोडलेली डिस्कही त्यात जाते.

इन्स्टॉलनंतरची घडी कॉन्फिगरेशनची, म्हणजे सगळ्या सर्व्हरची मांडणी एकसारखी ठेवणारी, साधने बसवतात. मार्क बर्जेस यांचे सीएफइंजिन १९९३चे. पुढे २००५मध्ये पपेट आणि २०१२मध्ये अ‍ॅन्सिबल आले. तरी घाईत कोणीतरी एखादा बदल हाताने करतो, तो कुठे नोंदला जात नाही आणि एकसारखे सर्व्हर हळूहळू वेगळे होत जातात. असा सर्व्हर दुरुस्त करत बसण्यापेक्षा नव्याने बसवणे केव्हाही चांगले. नोंदीतून काय सुटले होते तेही त्यातच उघडे पडते. मात्र सगळे सर्व्हर एकदम घेऊ नयेत. आधी एक, मग थोडे, मग बाकीचे.

नव्या इन्स्टॉलमध्ये एसएसएचच्या (दुरून सर्व्हरशी सुरक्षितपणे जोडण्याच्या पद्धतीच्या) होस्ट की, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या किल्ल्या, बदलतात आणि जोडणाऱ्या प्रत्येकाला धोक्याची सूचना दिसते. लोक ती न वाचता पुढे जायला शिकले, की खरा हल्लाही तसाच निसटतो. त्यासाठी जुन्या की जपून परत बसवतात किंवा होस्ट सर्टिफिकेट, म्हणजे विश्वासू सहीने सर्व्हरची ओळख पटवणारा दाखला, वापरतात.