अकूस्टिक गिटारसाठी कोणता ट्यूनर घ्यावा आणि तो कसा वापरावा
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

अकूस्टिक गिटार दर वेळी वाजवायला घेताना सुरात लावावी लागते. यात वाद्याचा दोष नसतो. हवेतला दमटपणा वाढला की गिटारची वरची लाकडी फळी फुगते, ब्रिज (फळीवरची, तारा जिथे अडकवतात ती पट्टी) किंचित वर उचलला जातो आणि तारांचा सूर चढतो. तारा तापल्या की लांबतात आणि सूर उतरतो. म्हणून गिटार केसमधून काढल्यावर लगेच लावू नका. दहा-पंधरा मिनिटे खोलीतल्या हवेत राहू द्या, मग लावा. नाहीतर पहिल्या दोन गाण्यांनंतर पुन्हा तेच काम करावे लागते.

ट्यूनर म्हणजे तार सुरात आहे की नाही हे दाखवणारे साधन. तो मागायला येणारे बहुतेक जण आधी अचूकतेचा आकडा विचारतात. दोन शेजारच्या स्वरांमधल्या अंतराचे १०० भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे १ सेंट. साध्या क्लिप ट्यूनरची चूक साधारण १ सेंटच्या आसपास असते. एकामागून एक वाजवलेल्या दोन स्वरांत ५ सेंटचा फरक असला, तरी तो अनेकांना जेमतेम कळतो. म्हणजे रोजच्या कामासाठी अचूकता पुरेशी असतेच. खरा प्रश्न असतो तुम्ही कुठे वाजवता, आजूबाजूला किती आवाज असतो आणि गिटारमध्ये पिकअप (तारांचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारा भाग) आहे की नाही, हा.

कोणासाठी कोणता

क्लिप ट्यूनर. हेडस्टॉकला (मानेच्या टोकाला, जिथे खुंट्या असतात) चिमट्यासारखा लावायचा. यात मायक्रोफोनऐवजी पिझो सेन्सर असतो आणि तो लाकडातले कंपन पकडतो. त्यामुळे शेजारी चार जण बोलत असले किंवा दुसरी गिटार वाजत असली, तरी तो फक्त तुमचीच तार वाचतो. ज्यांना एकच साधन घ्यायचे आहे, त्यांना आम्ही हेच सुचवतो. सेन्सर सहसा चिमट्याच्या एकाच जबड्यात असतो. काटा नीट हलत नसेल तर ट्यूनर थोडा सरकवून पाहा किंवा उलटा लावा. चिमट्याचा रबर तारेला किंवा खुंटीला टेकता कामा नये. बहुतेक क्लिप ट्यूनरमध्ये सीआर २०३२ हा नाण्यासारखा चपटा सेल लागतो. पडदा अंधूक होऊ लागला की सेल बदला आणि एक जास्तीचा केसमध्ये ठेवा. तुमच्या गिटारला नायट्रोसेल्युलोज लॅकर (लाकडावरच्या चकचकीत लेपाचा एक प्रकार) असेल, तर वाजवून झाल्यावर ट्यूनर काढून ठेवा. काही प्रकारचे रबर या लॅकरवर बराच काळ टेकले की कायमचा डाग पडतो.

फोनवरचे ॲप. घरी, शांत खोलीत वाजवणाऱ्या नवशिक्यासाठी पुरेसे आहे. फोन गिटारच्या तोंडापासून वीत-दीड वीत अंतरावर ठेवा, पंखा बंद करा. फोनच्या छोट्या मायक्रोफोनला सहाव्या तारेचा खोल स्वर कमी ऐकू येतो, त्यामुळे काटा तिथे भटकतो. त्यावरचा उपाय पुढे दिला आहे. क्लासमध्ये किंवा मंचावर ॲपवर भिस्त ठेवू नका, तिथे ते कुणाचीही तार वाचते.

गिटारमधला अंगचा ट्यूनर. इलेक्ट्रो-अकूस्टिक (पिकअप असलेल्या) गिटारच्या प्रीॲम्पमध्ये, म्हणजे पिकअपचा संकेत वाढवणाऱ्या भागात, तो असतो. सोयीचा आहे, फक्त एक लक्षात ठेवा: जॅकमध्ये वायर खोचलेली राहिली की प्रीॲम्प चालूच राहतो आणि ९ व्होल्टची बॅटरी संपते. ऐन कार्यक्रमात ट्यूनर आणि आवाज दोन्ही एकदम जातात. वाजवून झाले की वायर काढा.

पेडल ट्यूनर. पिकअप असलेल्या गिटारसाठी आणि मंचावर वाजवणाऱ्यांसाठी. पायाने दाबला की बाहेर जाणारा आवाज बंद होतो आणि श्रोत्यांना तारा लावण्याची किरकिर ऐकावी लागत नाही. पिकअप नसेल तर हे घेऊ नका, चालणारच नाही.

मोटरचा ट्यूनर. खुंटीच्या चावीवर बसवला की तारेचे कंपन ओळखून स्वतःच खुंटी फिरवतो. बोटांत किंवा मनगटात जोर नसेल, अथवा एका कार्यक्रमात वेगवेगळ्या पद्धतीने तारा लावायच्या असतील, तर फार उपयोगी. खुंट्यांचे गिअर झिजलेले असतील तर तो गोंधळतो. आधी खुंट्या दुरुस्त करून घ्या.

स्ट्रोब ट्यूनर ०.१ सेंटपर्यंतचा फरक दाखवतो. सॅडल (ब्रिजवरची, तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) घासून इंटोनेशन, म्हणजे प्रत्येक फ्रेटवरचा सूर, बसवताना आम्ही तो वापरतो. रोजच्या वाजवण्याला त्याची गरज नाही. बोटाने तार थोडी जास्त दाबली तरी त्याहून मोठा फरक पडतो.

सुरू करण्याआधी पडद्यावर दोन गोष्टी बघा

पहिली, मूळ स्वर. ए म्हणजे ४४० हर्ट्झ हे जगभर मानलेले प्रमाण आहे. ट्यूनरच्या एका छोट्या बटणाने ते बदलता येते आणि केसमध्ये ठेवताना तेच बटण चुकून दाबले जाते. आकडा ४३७ किंवा ४४५ झाला असेल, तर तुमच्या सहाही तारा आपसात जुळतील, पण इतर कुणाशीच जुळणार नाहीत. याउलट, सोबतचा पियानो किंवा हार्मोनियमच ४४० ला नसेल, तर याच बटणाने ट्यूनर त्या वाद्याला जुळवून घ्या. त्या वाद्याचा सूर तिथल्या तिथे बदलता येत नाही, तुमचा येतो.

दुसरी, मोड. गिटार मोडमध्ये फक्त सहा तारांचे स्वर दिसतात. क्रोमॅटिक मोडमध्ये बाराही स्वर दिसतात आणि तार ज्या स्वराच्या जवळ असेल तो हिरवा होतो. पाचवी तार जी शार्पवर हिरवी दिसली म्हणजे ती लागली असे नाही. अक्षर आधी वाचा, रंग नंतर बघा. ट्यूनर युकुलेले किंवा बेसच्या मोडवर गेला नाही ना, हेही पाहा.

मोकळ्या तारांचे स्वर असे:
६ वी (सर्वांत जाड): ई, ८२.४१ हर्ट्झ
५ वी: ए, ११०
४ थी: डी, १४६.८३
३ री: जी, १९६
२ री: बी, २४६.९४
१ ली (सर्वांत बारीक): ई, ३२९.६३

हाताने काय करायचे

तार नेहमी खालून वर चढवत स्वरावर आणा, वरून उतरवत नाही. खुंटीच्या गिअरमध्ये दात आणि स्क्रू यांच्यात थोडी ढील असते. उतरवत आणून थांबलात, तर ती ढील तशीच शिल्लक राहते आणि पुढच्या चार स्ट्रोकांत तार आणखी उतरते. तार चढलेली असेल, तर ती स्वराच्या बरीच खाली सोडा, बाराव्या फ्रेटजवळ (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) हलकेच ओढा आणि मग पुन्हा चढवत आणा.

तार मध्यम जोराने छेडा. जोरात छेडली की पहिल्या क्षणी तिचा ताण वाढतो, स्वर चढा दिसतो आणि मग खाली येतो. तुम्ही त्या चढ्या आकड्यावर थांबलात, तर तार उतरलेलीच राहते. तार छेडल्यावर अर्धा सेकंद जाऊ द्या आणि काटा स्थिरावला की वाचा. बाकीच्या तारा तळहाताने दाबून ठेवा, नाहीतर त्याही झंकारतात आणि काटा दोन स्वरांमध्ये नाचतो. सहाव्या तारेवर काटा ठरतच नसेल, तर ती नखाऐवजी अंगठ्याच्या मांसल भागाने बाराव्या फ्रेटवर छेडा. तेवढ्यानेही भागले नाही, तर बाराव्या फ्रेटच्या पट्टीच्या अगदी वर बोट नुसते टेकवून हार्मोनिक वाजवा. तो स्वच्छ असतो आणि त्याचे अक्षरही ईच असते.

खुंटी फिरवताय आणि काटा जागचा हलत नाही, तर ताबडतोब थांबा. तुम्ही एक तार छेडताय आणि खुंटी दुसरीची फिरवताय. पहिली तार तुटण्याचे सर्वांत नेहमीचे कारण हेच. नटपासून (मानेच्या वरच्या टोकाची खाचा असलेली पट्टी) तार बोटाने धरून खुंटीपर्यंत जा आणि मगच फिरवा. प्रत्येक बाजूला तीन खुंट्या असलेल्या हेडस्टॉकवर सहावी आणि पहिली तार नटच्या सर्वांत जवळच्या खुंट्यांवर असतात.

सहा तारा लागल्या की पुन्हा पहिल्यापासून तपासा. १२ ते ५३ (तारांची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) या नेहमीच्या लाइट संचात सगळ्या तारांचा मिळून ताण ७० किलोंच्या पुढे जातो. एक तार बरीच चढवली की मान आणि वरची फळी किंचित झुकते आणि आधी लावलेल्या तारा उतरतात. रोजच्या लावण्यात दुसरी फेरी पुरते. नवा संच टाकल्यावर तीन-चार लागतात.

ट्यूनर नसेल तेव्हा

पाचव्या फ्रेटची पद्धत बहुतेकांना माहीत असते: सहावीच्या पाचव्या फ्रेटवर पाचवी मिळवायची, तिच्या पाचव्यावर चौथी, असे पुढे, फक्त तिसरीचा चौथा फ्रेट. अडचण अशी की प्रत्येक तार आधीच्या तारेवरून घेतलेली असल्याने चुका साठत जातात आणि पहिली तार भलतीकडेच जाते.

आम्ही सगळ्या तारा एकाच तारेवरून मिळवायला शिकवतो. ४४० चा ट्यूनिंग फोर्क गुडघ्यावर आपटा (टेबलाच्या कडेवर नको) आणि त्याची दांडी गिटारच्या फळीवर टेकवा. पाचव्या तारेचा पाचव्या फ्रेटवरचा हार्मोनिक त्याच्याशी मिळवा. आता पाचवी तार पक्की. पुढचे सगळे हिच्यावरून:
बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक वाजवा आणि चौथीचा सातवा फ्रेट त्याला मिळवा.
त्याच हार्मोनिकला तिसरीचा दुसरा फ्रेट मिळवा.
पाचव्या फ्रेटवरचा हार्मोनिक वाजवा आणि दुसरीचा दहावा फ्रेट मिळवा.
त्यालाच पहिलीचा पाचवा फ्रेट मिळवा.
शेवटी मोकळी पाचवी वाजवा आणि सहावीचा पाचवा फ्रेट तिला मिळवा.

दोन स्वर एकत्र वाजत असताना आवाज कमी-जास्त, कमी-जास्त होत राहतो. हे विस्पंद. एक स्वर ४४० आणि दुसरा ४४२ असेल तर सेकंदाला दोन विस्पंद ऐकू येतात. तार जवळ येते तसे ते मंदावतात आणि जुळली की थांबतात. आठवडाभर रोज असे लावून पाहिलेत की कानाला त्याची सवय होते.

काटा बरोबर, तरी कॉर्ड खटकते

ई मेजर वाजवताना तिसऱ्या तारेचा पहिला फ्रेट थोडा चढा वाटतो, म्हणून काही जण तिसरी तार कानाने उतरवतात. ई मेजर गोड होते आणि लगेच सी मेजरमधली मोकळी तिसरी तार बेसूर वाजते. गिटारचे फ्रेट समान अंतराच्या स्वरसप्तकावर बसवलेले असतात. त्यात मेजर थर्ड हा अंतराचा स्वर नैसर्गिक स्वरापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. एका कॉर्डसाठी तो सुधारला की बाकीच्या कॉर्ड बिघडतात. तिसरी तार काट्यावरच ठेवा.

कॅपो (सगळ्या तारा एकाच फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा) लावल्यावर सगळ्या तारा थोड्या चढतात. तो फ्रेटच्या पट्टीला लागून मागे बसवा, गरजेपेक्षा घट्ट करू नका आणि लावल्यानंतर पुन्हा एकदा तपासा.

लावलेली तार टिकत नसेल

नवी तार पहिले काही दिवस ताणली जाते. प्रत्येक तार बाराव्या फ्रेटजवळ धरून फ्रेटबोर्डपासून साधारण एक सेंटिमीटर हलकेच उचला, पुन्हा लावा आणि ती उतरायची थांबेपर्यंत हे करा. खुंटीवर जाड तारांचे दोन-तीन आणि बारीक तारांचे तीन-चार वेढे पुरतात. वेढे एकाखाली एक बसले पाहिजेत. एकावर एक चढलेले वेढे घसरत राहतात. ब्रिजवरची पिन वर आली असेल, तर तारेचा गोळा आत नीट अडकलेला नाही. तार सैल करून पुन्हा बसवा.

चढवताना ‘टिंग’ असा आवाज येऊन काटा एकदम उडी मारत असेल, तर तार नटच्या खाचेत अडकते आहे. तार बाजूला घेऊन त्या खाचेत मऊ पेन्सिलीचे शिसे घासा. तरीही अडकत असेल तर खाच तारेपेक्षा अरुंद आहे. ती कानसण्याचे काम आमच्यावर सोडा. खाच थोडी जास्त खोल गेली तर तार पहिल्या फ्रेटवर खडखडते आणि मग नटच बदलावा लागतो.

मोकळी तार काट्यावर बरोबर, पण तीच बाराव्या फ्रेटवर दाबल्यावर ६-७ सेंटहून जास्त चढी किंवा उतरलेली दिसत असेल, तर आधी नवा संच टाकून पाहा. गंजलेली, झिजलेली तार हाच दोष दाखवते. नव्या तारांवरही फरक राहिला तर सॅडल किंवा तारांची उंची सुधारावी लागेल. अशी गिटार आमच्याकडे आणताना तारा सैल करू नका, नेहमीसारख्या सुरात लावूनच आणा. पूर्ण ताणाखाली मान किती झुकते आणि तारा किती उंच राहतात, हे बघूनच सॅडल किती घासायचा ते ठरवता येते.