रिपोर्टात ‘एस’, तरी जंतू जिवंत: प्रतिरोध वेगळा, तग धरणं वेगळं

लघवीची नळी कायमची लावलेला रुग्ण घरात असला की हा पेच कधी ना कधी पडतोच. कल्चरच्या, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून त्यांच्यावर औषधं तपासण्याच्या, रिपोर्टात औषधाच्या नावापुढे ‘एस’ असतं, म्हणजे त्या औषधापुढे जंतूंचं काही चालत नाही. कोर्स पूर्ण होतो, ताप उतरतो आणि पंधरवड्यात पुन्हा हुडहुडी भरते. मग घरचे म्हणतात, ‘‘जंतू औषधाला सरावले, डॉक्टर, आता जोराचं इंजेक्शन द्या.’’ अनेकदा जंतू मुळीच सरावलेले नसतात. औषधाला प्रतिरोध करणं आणि औषध असेपर्यंत नुसता तग धरणं या दोन गोष्टींची इथे गल्लत होते. दोन्हींत रुग्ण बरा होत नाही, पण उपाय अगदी वेगळे आहेत.

प्रतिरोधाबद्दल आता बरंच बोललं जातं, म्हणून तो थोडक्यात. त्यात बदल जनुकांतच झालेला असतो. एखादा जंतू औषध तोडणारं एन्झाइम बनवतो, एखादा औषध बाहेर फेकतो, एखादा औषध जिथे चिकटतं ती जागाच बदलून टाकतो. पेनिसिलिन तोडणारं एन्झाइम एब्राहम आणि चेन यांनी १९४० मध्येच नोंदवलं होतं, पेनिसिलिन सर्रास वापरात येण्याआधी. असा जंतू भोवती औषध असतानाही वाढतो आणि त्याची पिल्लावळ तशीच निपजते.

लॅबमधल्या बशीत हे डोळ्यांनी दिसतं. बशीवर जंतू पसरायचे, औषध मुरवलेल्या कागदाच्या पांढऱ्या टिकल्या ठेवायच्या आणि बशी रात्रभर उबेत ठेवायची. सकाळी काही टिकल्यांभोवती स्वच्छ कडं दिसतं, तर काहींना जंतूंचा करडा थर अगदी खेटून असतो. कडं पुरेसं रुंद असलं की ‘एस’, नसलं की ‘आर’, म्हणजे प्रतिरोध. मात्र बशीवरचे हे जंतू सुटे असतात, त्यांना भरपूर खायला मिळालेलं असतं आणि ते जोमाने वाढत असतात. नळीत ते असे राहत नाहीत.

काही आठवडे आत राहिलेली नळी उभी चिरली तर आतून बुळबुळीत, पिवळट थर दिसतो. कधी त्यात क्षारांची खरखरही असते. शर्करांची साखळी, प्रथिनं आणि डीएनए यांचं चिकट जाळं स्वतःच विणून जंतू त्यात वस्ती करतात. हीच बायोफिल्म. ट्रॉलरच्या बुडाला समुद्री जीव चिकटण्याआधी जो निसरडा थर धरतो, तोही याच जातीचा. दोनापावलच्या एनआयओत, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत, अशा समुद्री थरांवर बरंच संशोधन झालं आहे.

औषध या थरात शिरतच नाही, असं सहज वाटतं. काही औषधं जाळ्यात अडकून रेंगाळतात हे खरं, पण तेवढ्याने कोडं सुटत नाही. क्लेबसिएला जंतूवरचा एक प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात अँपिसिलिन हे पेनिसिलिनच्या कुळातलं औषध तोडणारं एन्झाइम नसलेल्या वाणाची बायोफिल्म वाढवली होती. अँपिसिलिन थरातून आरपार गेलं, तरी आतले बहुतेक जंतू जगले. तेच जंतू सुटे असताना मात्र भराभर मेले.

कारण थराच्या तळाशी प्राणवायू आणि अन्न कमी पडतं आणि जंतू वाढणं जवळजवळ थांबवतात. पेनिसिलिनच्या कुळातली औषधं जंतूची भिंत बांधली जात असताना घाव घालतात. बांधकामच बंद असेल तर घाव बसणार कुठे? किनाऱ्यावरचे शॅक पावसाळ्याआधी उतरवून ठेवतात, मग जूनच्या वाऱ्याला पाडायला काही उरत नाही आणि हंगाम आला की ते पुन्हा उभे राहतात. तसंच हे. असे मोजके सुस्त जंतू जंतुशास्त्रज्ञ जोसेफ बिगर यांना १९४४ मध्ये स्टॅफिलोकॉकस या जंतूंमध्ये आढळले होते. पेनिसिलिनमधून वाचलेल्यांची पुढची पिढी मात्र त्याच पेनिसिलिनने पूर्वीसारखीच मरत होती. फरकाचं मर्म इथे आहे: प्रतिरोध पिढीजात असतो, तग धरणं ही बहुतेकदा त्या वेळची अवस्था असते. म्हणून नळीतले जंतू काढून बशीवर वाढवले की रिपोर्ट पुन्हा ‘एस’च येतो. रिपोर्ट खोटा नसतो, तो सुट्या जंतूंचा असतो.

मला खरी काळजी वाटते ती पुढच्या पायरीची. जेरुसलेमच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवलं, की ई. कोलाय या जंतूला पुन्हापुन्हा अँपिसिलिन दिल्यावर तो आधी तग धरायला शिकला आणि मग त्यावर प्रतिरोधाचे बदल चढले. शिवाय बायोफिल्ममध्ये जंतू दाटीने राहतात, त्यामुळे प्रतिरोधाची जनुकं एकमेकांना देणंही सोपं जातं. थर जागेवर ठेवून कोर्समागून कोर्स देणं म्हणजे आज नसलेला ‘आर’ उद्या ओढवून घेणं.

तेव्हा ताप आला आणि नळी दोन आठवड्यांहून जुनी असली, तर डॉक्टरांना आधी विचारा, ‘‘नळी बदलायची का?’’ नळीची गरज उरली नसेल तर ती काढणंच उत्तम. गरज असेल तर नवी घालून तिच्यातून घेतलेली लघवीच कल्चरला द्यायची. जुन्या नळीतल्या नमुन्यात त्या थराचेच जंतू येतात. त्रास काहीच नसेल आणि लघवीत नुसते जंतू दिसत असतील, तर सहसा औषध लागत नाही.

गोव्यात मधुमेही पायाच्या जखमेलाही हेच लागू आहे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचं प्रमाण गोव्यात देशात सर्वाधिक, २६.४ टक्के निघालं. सर्जन जखम खरवडायला सांगतात तेव्हा घरचे घाबरतात, गोळ्यांवर भागवा म्हणतात. पण खरवडल्याने मेलेल्या मांसाबरोबर थरही निघतो, उरलेले जंतू पुन्हा वाढीला लागतात आणि त्याच दिवसांत औषध त्यांना गाठू शकतं. थर पुन्हा जमायला थोडेच दिवस लागतात, म्हणून बरेचदा एकदाच खरवडून भागत नाही.