अल्पदृष्टीसाठी इलेक्ट्रॉनिक भिंग: दाखला, पात्रता आणि अर्ज

"चष्म्याने आता यापेक्षा जास्त दिसणार नाही," असं डॉक्टरांनी सांगितलं की पुढचा टप्पा लो व्हिजन तपासणीचा, म्हणजे उरलेली दृष्टी किती आणि कोणतं साधन उपयोगी ते पाहण्याचा. कॅमेरा आणि पडदा असलेला व्हिडिओ मॅग्निफायर सरकारी मदतीतून हवा असेल, तर क्रम असा ठेवा: आधी ही तपासणी, मग दिव्यांगत्वाचा दाखला, शेवटी यंत्रासाठी अर्ज. तपासणी न करता साधनवाटपाच्या शिबिरात गेलात तर तिथे उपलब्ध असेल ते साधन घेऊन यावं लागतं, मग ते तुमच्या डोळ्यांना उपयोगी असो वा नसो.

दाखला

केंद्राच्या 'स्वावलंबन कार्ड' पोर्टलवर अर्ज करा. दाखल्यासोबत मिळणारं ओळखपत्र म्हणजे यूडीआयडी कार्ड. आधार, सहा महिन्यांच्या आतला फोटो आणि पत्त्याचा पुरावा लागतो. अर्ज करताना रुग्णालय निवडा. दिव्यांगत्व तपासणाऱ्या वैद्यकीय बोर्डाचे वार ठरलेले असतात, ते आधी विचारून मगच जा. जाताना मूळ कागदपत्रं, जुन्या फाइली आणि सध्याचा चष्मा सोबत न्या.

योजनांसाठी किमान ४०% दिव्यांगत्व लागतं, आणि ते मोजलं जातं चष्मा लावून, मुख्यतः चांगल्या डोळ्यावरून. चष्म्यासह चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/२४ ते ६/६० असेल (खालचा आकडा जितका मोठा तितकी दृष्टी कमी), तर ४०% किंवा त्याहून जास्त मिळतात. एक डोळा पूर्ण गेला पण दुसरा ६/१८ किंवा त्याहून चांगला असेल, तर ३०% वरच थांबतं. अशा अर्जदारांना अडचण खरी असूनही योजनेत बसता येत नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं.

काचबिंदू किंवा रेटिनायटिस पिगमेंटोसा (डोळ्याच्या आतल्या पडद्याचा आनुवंशिक आजार) असेल तर फील्ड टेस्टचा, म्हणजे दृष्टिक्षेत्राच्या तपासणीचा, अहवाल न विसरता न्या. या आजारांत तक्त्यावरची अक्षरं बऱ्यापैकी वाचता येतात, पण बाजूचं दिसत नाही. अहवाल नसेल तर फक्त तक्त्यावरचा आकडा नोंदला जातो आणि टक्केवारी चुकीची, कमी येते. चांगल्या डोळ्याचं दृष्टिक्षेत्र ४० अंशांपेक्षा कमी असेल तर तेवढ्यावरही अल्पदृष्टी धरली जाते. निर्णय पटला नाही तर दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ५९ प्रमाणे अपील करता येतं.

तपासणीच्या चिठ्ठीत काय हवं

दूरची आणि जवळची दृष्टी, फील्ड, कॉन्ट्रास्ट (फिकट-गडद फरक किती ओळखता येतो), वाचनाचं अंतर आणि किती पट मोठं करायचं, हे सगळं लिहून घ्या. २५ सेंटिमीटरवर एन२४ अक्षर (जवळच्या तक्त्यावरचा अक्षराचा आकार, आकडा मोठा तर अक्षर मोठं) वाचता येतं आणि एन८ वाचायचं आहे, तर किमान ३ पट लागेल. सलग वाचनासाठी त्याहून थोडं जास्त धरतात. पण 'जितकं मोठं तितकं चांगलं' असं नसतं. ७ इंची पडद्यावर ८ पट केलं की कागदाची जेमतेम २ सेंटिमीटर रुंदी मावते, म्हणजे वर्तमानपत्राचा एखाद-दुसरा शब्द. दृष्टिक्षेत्र अरुंद असलेल्यांना कमी पट आणि काळ्यावर पांढरी अक्षरं जास्त सोयीची पडतात.

मदत कुठून

दिव्यांगांना साधनं देणारी केंद्राची अ‍ॅडिप योजना अ‍ॅलिम्को या साधनं बनवणाऱ्या सरकारी कंपनीची शिबिरं आणि दिव्याशा केंद्रं यांच्यामार्फत चालते. मासिक उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर साधनाची पूर्ण किंमत, ३०,००० पर्यंत असेल तर निम्मी. तहसीलदारांच्या दाखल्यावर वार्षिक आकडा असतो, म्हणून २,७०,००० आणि ३,६०,००० या मर्यादा लक्षात ठेवा. अर्जदार अवलंबून असेल तर पालकांचं उत्पन्न धरतात. त्याच गरजेसाठी गेल्या तीन वर्षांत कुठूनही सरकारी मदतीतून साधन घेतलेलं नसावं. १२ वर्षांखालील मुलांसाठी ही अट एक वर्षाची आहे. त्यामुळे घाईने नको ते साधन घेऊ नका, पुढच्या अर्जात ते आडवं येतं.

कागदपत्रं: यूडीआयडी कार्ड, आधार, उत्पन्नाचा दाखला, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि तपासणीची चिठ्ठी. आधार आणि यूडीआयडीवरचं नाव अक्षरशः एकच हवं. एकावर वडिलांचं नाव आणि दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर असेल, तर आधी तेवढी दुरुस्ती करून घ्या.

टेबलावर ठेवायची मोठी यंत्रं महाग असतात आणि अ‍ॅडिपच्या नेहमीच्या किंमत-मर्यादेत बसत नाहीत. महाराष्ट्रात त्यासाठी ग्रामपंचायत, जिल्हा परिषद किंवा महापालिकेचा ५% दिव्यांग निधी हा दुसरा रस्ता आहे. जिल्हा परिषदेचा समाजकल्याण विभाग किंवा महापालिकेचा दिव्यांग कक्ष गाठा आणि अर्जाला चिठ्ठी व दरपत्रक जोडा. काही ठिकाणी आधी खरेदी करून जीएसटी बिल द्यावं लागतं आणि मग पैसे खात्यात येतात. मंजुरीचं पत्र हातात आल्याशिवाय खरेदी करू नका. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. शाळकरी मुलांसाठी 'समग्र शिक्षा' या शालेय शिक्षण योजनेच्या विशेष शिक्षकांकडेही वेगळी मागणी नोंदवता येते.

यंत्र हाती आल्यावर सही करण्याआधी औषधाची पट्टी, वीजबिल आणि पाठ्यपुस्तक असं रोजचंच वाचून बघा. रंग उलटे करणारं आणि चित्र थांबवणारं बटण चालतं का, चार्जर आणि वॉरंटी कार्ड दिलंय का, हेही तिथेच तपासा.