आपत्ती जाहीर करायची कधी?

24 फेब्रुवारी 2021. सकाळी 11.40 ला देशातल्या सर्वात मोठ्या शेअर बाजाराचे, एनएसईचे, व्यवहार थांबले. चेन्नईत पर्यायी केंद्र (मुख्य केंद्र बंद पडल्यास काम चालवायची दुसरी जागा) होते, पण व्यवहार तिकडे हलवले गेले नाहीत. दुपारी 3.45 ला मुंबईतूनच बाजार पुन्हा उघडला आणि पाचपर्यंत चालला.

त्याआधी आपत्तीच्या तयारीत विचार होता तो जागेचा. 1993 चे बॉम्बस्फोट असोत की 26 जुलै 2005 चा पाऊस (सांताक्रूझला दिवसभरात 944 मिलिमीटर), धोका इमारतीला, शहराला. म्हणून दुसरे केंद्र लांब, शक्यतो वेगळ्या भूकंपक्षेत्रात हवे.

2021 मध्ये मात्र इमारत शाबूत होती. रस्त्यावरच्या खोदकामाने दूरसंचार जोडण्या डळमळल्या, त्यातून डेटा साठवणारी यंत्रणा कोलमडली आणि जोखीम मोजणारी प्रणाली बंद पडली. सौदे जुळवणारी प्रणाली तेव्हाही चालूच होती. मग ही 'घटना' की 'आपत्ती'? कागदावर शब्द दोन, पण एकाची हद्द संपून दुसऱ्याची कुठे सुरू होते, ते ठरवणे तेव्हा बाजाराच्याच हाती होते. 'आपत्ती' म्हटले की स्थलांतर आले, त्याची जोखीम आली आणि नामुष्कीही आली. 'थोड्या वेळात सुरू होईल' हे वाक्य अशा वेळी फार सोयीचे असते. इकडे नेहमीची वेळ संपत आली म्हणून दलालांनी ग्राहकांचे इंट्राडे सौदे (त्याच दिवशी मिटवायचे) दुसऱ्या बाजारात, मिळेल त्या भावाने मिटवले. त्यानंतर वेळ वाढली. तोटा ग्राहकाच्या खात्यात.

10 जुलै 2017 ला तीन तास बाजार बंद राहूनही हा प्रश्न असाच लोंबकळला होता. मार्च 2021 मध्ये बाजार नियामक सेबीने घड्याळच लावले: बिघाडापासून 30 मिनिटांत आपत्ती जाहीर करायची, पुढच्या 45 मिनिटांत पर्यायी केंद्रावरून काम सुरू. 2 मार्च 2024 च्या शनिवारी, आणि पुन्हा 18 मे ला, खरे व्यवहार मध्येच पर्यायी केंद्रावर नेऊन पाहिले. आधीच्या सरावांपेक्षा या दोन शनिवारांचे मोल जास्त.

जुलै 2024 ने अंतराचा हिशेबही बिघडवला. सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटने जगभरात सुमारे 85 लाख विंडोज संगणक बंद पाडले. तेच सॉफ्टवेअर दोन्ही केंद्रांवर असेल, तर शेकडो किलोमीटरचे अंतर काय कामाचे? महिनाअखेरीस लहान बँकांना तंत्रसेवा पुरवणाऱ्या कंपनीवर रॅन्समवेअर (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा) हल्ला झाला आणि सुमारे 300 बँका पेमेंट जाळ्यापासून मुद्दाम तोडाव्या लागल्या. तिथे 'चालू ठेवा' हा आदेशच चुकीचा ठरला असता. सायबर हल्ल्याची खबर सहा तासांत द्यायचे बंधन केंद्र सरकारच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांत आहे. पण खबर देणे वेगळे आणि बंद करायचे की हलवायचे हे ठरवणे वेगळे.