‘न्यूट्रोपेनिक डाएट’ कुठून आले?

केमोथेरपी घेणाऱ्या माणसाने काय खावे, हा वाद फिरून फिरून एकाच शब्दापाशी येतो: ‘न्यूट्रोपेनिक डाएट’. संसर्गाशी लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरल्या की द्यायचे जेवण, हा त्याचा ढोबळ अर्थ. त्यात नेमके काय बसते, हे मात्र सगळ्यांनी मिळून कधी ठरवलेच नाही. एका रुग्णालयाच्या यादीत केळे चालते, द्राक्षे नाहीत. दुसरीकडे ताजे फळच बंद. काही याद्यांत तर पदार्थ शिजल्यावर वरून भुरभुरलेली मिरपूडही वर्ज्य.

या मनाईचा उगम १९७०च्या दशकाच्या आसपासचा. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या रुग्णाला गाळलेल्या हवेच्या खोलीत ठेवत, आतड्यातले जंतू प्रतिजैविकांनी मारत आणि जेवणही निर्जंतुक करून देत. उपचारांनी आतड्याचे अस्तर झिजते आणि तिथून जंतू रक्तात शिरू शकतात, तेव्हा त्यामागचा विचार चुकीचा नव्हता. पुढे तो बंदोबस्त सैल झाला. यादी मात्र टिकली आणि नेहमीच्या केमोच्या रुग्णांपर्यंत पोचली. ती खरोखर उपयोगी पडते का, हे तपासायला फार उशीर झाला.

२००८ साली रक्ताच्या कर्करोगाच्या १५३ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. अर्ध्यांना फक्त शिजवलेले, अर्ध्यांना कच्ची फळे-भाज्याही. गंभीर संसर्ग अनुक्रमे २९ आणि ३५ टक्के. इतक्या रुग्णांत हा फरक योगायोगाचाही असू शकतो. २०२३ मध्ये मूळपेशी प्रत्यारोपणाच्या २२२ रुग्णांतही मोकळा आहार कमी सुरक्षित ठरला नाही.

दरम्यान या मनाईची किंमत कोणी मोजली? केमोआधीच वजन उतरलेले रुग्ण कमी जगतात, हे १९८० साली तीन हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींत दिसले होते. तोंड आलेले, जिभेवर धातूची चव, त्यात उरलेसुरले आवडीचे फळही काढून घ्यायचे. माझ्या मते खरी चूक इथे झाली.

रुग्णागणिक आहार आखण्याचा विचार नंतर बळावला. २००५ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी रेडिएशन घेणाऱ्या १११ रुग्णांत, नेहमीच्याच अन्नातून ज्यांचा आहार बसवून दिला त्यांचे खाणे तीन महिन्यांनीही टिकून होते; नुसती प्रथिनांची पेये दिलेल्यांचे टिकले नाही. आज दिवसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण २५ ते ३० कॅलरी आणि एक ते दीड ग्रॅम प्रथिने धरतात. कच्चे मांस आणि न तापवलेले दूध टाळा, फळे वाहत्या पाण्यात नीट धुवा, हा सल्ला कायम आहे.