४४ आणि ४६.५ : डीएसएलआरची लेन्स निवडताना जुना इतिहास का लागतो

मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात कॅमेऱ्याच्या दुकानात दोन स्वस्त लेन्स शेजारी शेजारी मिळू शकतात: निकॉनची एएफ ५० मिमी एफ/१.८डी आणि कॅननची ईएफ ५० मिमी एफ/१.८ टू. दोन्हींचा उपयोग एकच, किंमतही फार वेगळी नाही. कॅननची ही लेन्स १९९० ची, तरी ती कॅननच्या कोणत्याही डीएसएलआरवर, म्हणजे आत आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर, आपोआप फोकस करते. निकॉनची लेन्स निकॉनच्याच डी३४०० या डीएसएलआरवर नीट बसते, पण फोकस मात्र हाताने करावा लागतो. दोन्ही लेन्स आपापल्या जागी उत्तम आहेत. हा फरक पडला तो १९५९ आणि १९८७ साली घेतलेल्या दोन निर्णयांमुळे.

१९५९ साली निकॉन एफ हा कॅमेरा आला आणि त्याच्यासोबत एफ माउंट. माउंट म्हणजे लेन्स जिथे फिरवून अडकवतात ते धातूचे कडे. या कड्यापासून फिल्मपर्यंतचे अंतर ४६.५ मिमी ठरले, कड्याचा आतला व्यास ४४ मिमी. एसएलआरमध्ये लेन्स आणि फिल्म यांच्या मधे आरसा वर-खाली होतो, त्यामुळे एवढी जागा ठेवावीच लागते. निकॉनने हे दोन आकडे डिजिटल काळातही बदलले नाहीत. त्यामुळे जुनी लेन्स नव्या बॉडीवर (लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यावर) बसते खरी, पण बसणे आणि काम करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिला धोका १९७७ चा आहे. त्या वर्षी निकॉनने 'एआय' पद्धत आणली. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधले उजेड आत सोडणारे भोक, किती ठेवले आहे हे लेन्सवरची कडा बॉडीवरच्या छोट्या पट्टीला ढकलून सांगू लागली. त्याआधीच्या लेन्सची मागची कड या पट्टीवर आदळते. डी७००, डी७००० यांसारख्या बॉडीवर अशी लेन्स जोर लावून फिरवली तर ती पट्टी मोडते. डी३००० आणि डी५००० मालिकेत ती पट्टीच नाही. तिथे जुनी लेन्स सहसा निर्धोक बसते, पण कॅमेरा उजेड मोजत नाही. मॅन्युअल मोडमध्ये एक-दोन फोटो काढून, हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) पाहून एक्स्पोजर, म्हणजे किती उजेड घ्यायचा ते, ठरवावे लागते.

दुसरी गाठ ऑटोफोकसची. १९८५ साली मिनोल्टा ७००० या कॅमेऱ्याने बाजार हलवला. त्याची मोटर बॉडीत होती आणि एका दांडीने ती लेन्स फिरवत असे. पुढच्याच वर्षी निकॉनने एफ-५०१ मध्ये हीच युक्ती जुन्या माउंटवर बसवली. लेन्सच्या मागच्या कड्यावर चीर असलेला छोटा स्क्रू असतो आणि बॉडीच्या कड्यातून बाहेर आलेले पेचकसासारखे टोक त्यात बसते. १९९६ पासूनच्या एएफ-एस लेन्समध्ये मोटर लेन्सच्या आतच आली. मग २००६ च्या डी४० मध्ये बॉडी लहान आणि स्वस्त करण्यासाठी मोटर काढून टाकली, आणि डी३००० व डी५००० मालिकेतही ती आली नाही. डी९०, डी७००० मालिका, डी७५० यांत मोटर आहे. विकत घेण्याआधी लेन्स काढून बॉडीच्या कड्याकडे खालच्या बाजूला पाहा. ते टोक दिसले नाही तर नुसती 'एएफ' किंवा 'एएफ-डी' लिहिलेली लेन्स ऑटोफोकस करणार नाही. हाताने फोकस करताना व्ह्यूफाइंडरमधला हिरवा ठिपका मात्र साथ देतो.

नव्या अक्षरांनीही अडचणी आणल्या. लेन्सच्या नावात एफ-आकड्यानंतर (एफ/१.८ सारख्या) 'जी' असेल तर तिच्यावर अ‍ॅपर्चरचे कडे नाही. 'ई' असेल तर अ‍ॅपर्चर विजेने बंद होते, आणि डी९०, डी८०, डी२०० यांसारख्या बॉडींना ते कळत नाही. 'एएफ-पी' लेन्स तर डी९० किंवा डी३१०० वर हातानेही फोकस होत नाही, कारण तिचे फोकसचे कडेही विजेवरच चालते. माउंट एकच, म्हणून सगळे चालेल असे समजून पैसे घालवलेले लोक कमी नाहीत.

कॅननने उलटी वाट धरली. १९७१ पासूनच्या त्यांच्या एफडी माउंटमध्ये अंतर ४२ मिमी होते आणि आत तरफांची गर्दी. १९८५ च्या टी८० मध्ये त्यावरच ऑटोफोकस बसवायचा प्रयत्न झाला, तो चालला नाही. मार्च १९८७ मध्ये ईओएस ६५० या कॅमेऱ्यासोबत ईएफ माउंट आले: अंतर ४४ मिमी, आतला व्यास ५४ मिमी, एकही तरफ नाही. फोकस आणि अ‍ॅपर्चर दोन्ही लेन्समधल्या मोटरने, आणि बोलणे फक्त विजेच्या टोकांतून. एफडी लेन्सवर आयुष्याची कमाई घातलेल्या छायाचित्रकारांवर हा अन्यायच होता. ४२ मिमीसाठी बनलेली लेन्स ४४ मिमीवर बसवली तर ती दूरवरच्या वस्तूवर फोकसच करत नाही. मधे काच असलेला अडॅप्टर घातला तर फोकस होतो, पण चित्र मऊ पडते. आज मात्र त्या निर्णयाचा फायदा डीएसएलआर घेणाऱ्याला मिळतो: १९८७ ची ईएफ लेन्सही डिजिटल ईओएसवर पूर्ण चालते.

अपवाद आहे तो फिल्मच्या काळातल्या काही सिग्मा लेन्सचा. कॅननची विजेची भाषा बाहेरच्या कंपन्यांनी उलगडून वापरली होती. नव्या बॉडीवर अशा लेन्स पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला चालतात, पण अ‍ॅपर्चर एफ/८ इतके लहान करून शटर दाबले की एरर येऊन कॅमेरा अडतो. म्हणून दुकानातच अ‍ॅपर्चर लहान करून एक फोटो काढून पाहावा.

४४ मिमीचा आणखी एक लाभ झाला. १९४९ च्या कॉन्टॅक्स एस या कॅमेऱ्यापासून चाललेल्या एम४२ या ४२ मिमी आट्यांच्या माउंटचे अंतर ४५.४६ मिमी आहे. ते कॅननपेक्षा जेमतेम दीड मिमी जास्त, म्हणून पातळ धातूची चकती लावली की त्या जुन्या लेन्स ईओएसवर दूरपर्यंत फोकस करतात. निकॉनचे अंतर त्याहून जास्त, तिथे हा मार्ग बंद. फुल फ्रेम (फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या) बॉडीवर काही एम४२ लेन्सची मागची काच आरशाला लागते. पहिल्यांदा फोकस अनंतावर ठेवून, आरसा अडकतो का ते सावकाश तपासावे.

फिल्मच्या जागी चित्र टिपणाऱ्या सेन्सरच्या आकाराचा इतिहास वेगळा. ३६ × २४ मिमीची चौकट १९२५ च्या लायका कॅमेऱ्यामुळे रूढ झाली. एवढा मोठा सेन्सर बनवणे महाग, म्हणून १९९९ च्या निकॉन डी१ मध्ये सुमारे २३.७ × १५.६ मिमीचा सेन्सर आला. त्यामुळे दृश्याचा कोन अरुंद झाला: ५० मिमी लेन्स निकॉनवर ७५ आणि कॅननवर ८० मिमीसारखी दिसू लागली. फिल्मच्या काळात २८-८० मिमीची झूम लेन्स सर्रास मिळे. तिचाच कोन छोट्या सेन्सरवर हवा म्हणून किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळणारी लेन्स) १८-५५ झाली. हा आकडा अनेकांना विचित्र वाटतो, त्याचे कारण एवढेच.

छोट्या सेन्सरसाठी कॅननने २००३ च्या ३००डी सोबत ईएफ-एस लेन्स आणल्या. त्यांची मागची काच आरशाच्या जास्त जवळ जाते. त्यावर पांढरा चौकोन असतो, ईएफवर लाल ठिपका. कॅननच्याच डी३०, डी६० आणि १०डी यांचे सेन्सर छोटे, तरी ईएफ-एस त्यांवर बसत नाही, कारण त्या बॉडी ईएफ-एसच्या आधीच्या आहेत. निकॉनच्या छोट्या सेन्सरसाठीच्या डीएक्स लेन्स मात्र फुल फ्रेमवर बसतात आणि कॅमेरा मधला भाग तेवढा घेतो: ३६ मेगापिक्सेलच्या डी८०० वर सुमारे १५ मेगापिक्सेल उरतात.

जोडसाहित्यातही अशी जुनी कारणे दडली आहेत. ऑटोफोकसचे सेन्सर कॅमेऱ्याच्या तळाशी असतात आणि त्यांना उजेड मिळावा म्हणून आरशाचा मधला भाग अर्धपारदर्शक असतो. साधा लिनियर पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) लावला की तो आरसा उजेड चुकीच्या प्रमाणात विभागतो आणि एक्स्पोजर व फोकस दोन्ही फसतात. म्हणून सर्क्युलर पोलरायझरच घ्यावा. फिल्टरचे आटे ५२, ५८, ६७, ७७ मिमी असे वेगवेगळे असतात. आपल्याकडच्या सर्वांत मोठ्या लेन्सच्या मापाचा एकच चांगला फिल्टर घेऊन बाकीच्यांना स्टेप-अप रिंग (लहान आट्यावर मोठा फिल्टर बसवणारे कडे) लावणे सर्वांत स्वस्त पडते. मात्र तेव्हा त्या लेन्सचे हूड (तिरका उजेड अडवणारी पुढची झालर) बसत नाही.

जुन्या फ्लॅशबाबत सावध राहावे. १९७० च्या दशकातले काही फ्लॅश हॉट शूच्या (कॅमेऱ्यावर फ्लॅश बसवायच्या खाचेच्या) मधल्या टोकावर २०० व्होल्टहून जास्त दाब देतात, कारण तेव्हा शटरमध्ये नुसते यांत्रिक स्विच असे. फ्लॅश पूर्ण चार्ज करून मधले टोक आणि कडेची पट्टी यांच्यात मल्टिमीटर लावावा. ६ व्होल्टपर्यंत चिंता नाही, त्यापुढे बॉडीच्या माहितीपुस्तिकेतली मर्यादा पाहिल्याशिवाय जोडू नये.

कोकणात आणि मुंबईत जुनी लेन्स घेताना बुरशी पाहणे सर्वांत महत्त्वाचे. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून मागून टॉर्च मारावा आणि तिरके पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर लेन्स ठेवून द्यावी, कारण बुरशी काचेवरचा लेप खाते आणि साफ केल्यावरही डाग राहतात. चामड्याच्या जुन्या केसमध्ये ओल धरून राहते, त्यामुळे केस घेऊ नये. पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवून आर्द्रता ४० ते ५० टक्के राखावी. रंगीत सिलिका जेलचा रंग बदलला की ते गरम करून सुकवावे, एरवी ते नुसते डब्यात पडून असते.

२०१८ साली दोन्ही कंपन्यांनी आरसा काढून नवे माउंट आणले: कॅननचे आरएफ २० मिमी अंतराचे, निकॉनचे झेड १६ मिमीचे. कॅननचा अडॅप्टर २४ मिमीची नळी आणि विजेच्या तारा एवढाच, त्यावर ईएफ लेन्स जशीच्या तशी चालते. निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये ३०.५ मिमीचे अंतर भरून निघते आणि अ‍ॅपर्चरची तरफही हलते, पण फोकसचा स्क्रू फिरवणारी मोटर त्यात नाही. ५० मिमी एफ/१.८डी तिथेही हातानेच फोकस करावी लागते.