आकडा हिरवा, माळ गायब

मे महिन्यात उपग्रहाला सोलापूरकडचा उसाचा फड गर्द हिरवा दिसतो आणि तिथल्याच नान्नजच्या माळढोक अभयारण्यातलं गवताळ माळरान तपकिरी, जवळजवळ उजाड. हिरवं पान तांबडा प्रकाश शोषतं आणि अवरक्त प्रकाश परतवतं. या दोहोंच्या गणितातून जो 'एनडीव्हीआय' निर्देशांक निघतो, त्यावर वनस्पतींचं आच्छादन जोखलं जातं. माळ नांगरून ऊस लावला की हा आकडा वाढतो! मूळची वनस्पती गेली, तरी नोंद सुधारणेची.

सरकारी व्याख्याही माळाला सोयीची नाही. भारतीय वन सर्वेक्षणाच्या लेखी किमान १ हेक्टर जागेवर झाडांचं छत्र १० टक्के असलं की ते वनाच्छादन. जमीन कोणाची, झाडं कुठली, हे बघत नाहीत. आमराई त्यात बसते, गवताळ माळ नाही. मग 'मोकळ्या' जागेवर गिरिपुष्पासारखी झाडं लावली जातात. माळावर राहणारा माळढोक पक्षी उघड्या जमिनीवर सहसा एकच अंडं घालतो आणि त्याला चहूकडे लांबवरचं दिसावं लागतं. झाडी दाटली की ती जागा त्याच्या कामाची राहत नाही.

तेव्हा मोजणी जमिनीवर उतरूनच करावी लागते. मीटरभर लांबी-रुंदीची चौकट टाकायची आणि आतली प्रत्येक वनस्पती ओळखायची. गवतं फुलोऱ्यावरून ओळखतात, म्हणून जायचं पावसाळ्याच्या अखेरीस (कुसळं कपड्यांत घुसतात, त्याला इलाज नाही). नुसती जातींची संख्या फसवी असते: पडून राहिलेल्या शेतातही गाजरगवत, तरोटा धरून यादी लांब होऊ शकते. खरा प्रश्न पवन्या, मारवेल यांसारखी बहुवर्षायू गवतं टिकली आहेत का, हा. पक्ष्यांसाठी ठरलेल्या सरळ रेषेत चालत प्रत्येक पक्षी रेषेपासून किती दूर दिसला तेही टिपतात, कारण दबून बसलेला चंडोल लांबून नजरेतून सुटतो आणि अंतरांवरून ती तूट भरून काढता येते.

गेलेला माळ परत येतो का? आशिष नेर्लेकर आणि जोसेफ वेल्डमन या गवताळ प्रदेशांच्या अभ्यासकांनी २०२० मध्ये जगभरच्या गवताळ प्रदेशांची आकडेवारी एकत्र तपासली. मोडलेल्या गवताळ जमिनीला जातींची पूर्वीची समृद्धी गाठायला किमान शतक लागतं; त्यांचा सरासरी अंदाज तर १,४०० वर्षांचा आहे. त्यामुळे कुठल्याही माळाची मोजणी करण्याआधी त्या गटाच्या जुन्या सातबाऱ्यावरची पीकपाहणी बघावी, असं मला वाटतं. तिथे कधी नांगर फिरला होता का, हे उपग्रहाच्या चित्रापेक्षा त्या कागदावरून लवकर कळेल.